आउटरवरून दिसणारा हरीओम

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

ही डायरी दादाची. कृषी केंद्रवाल्यानं त्याला दिलेली. जानेवारीची चार पानं भरलीत, कोणत्या वावरात काय फवारलं ते. पुढं सगळी कोरी. दादा म्हणजे हरीओम, माझा मोठा भाऊ. बुधवारी सकाळी फवारणीच्या पंपाचा वॉशर आणतो म्हणून वाशीमला निघाला, तो अजून आला नाही. मोबाइल बंद. मोटरसायकल जऊळक्याच्या स्टेशनबाहेर उभी होती आणि चावी चहावाल्याजवळ. पवन आला की त्याले देजो, असं माझं नाव घेऊन सांगून गेला म्हणे. म्हणजे संध्याकाळी यायचाच विचार असणार, नाहीतर चावी कशाला देईल.

वर्षाराणी वहिनी म्हणते स्वेटरही नेला. सकाळी गार असतंच, नेईल.

पोलीस ठाण्यात मला विचारलं, शेवटी काय बोलला होता. मला धड सांगता आलं नाही म्हणून हे लिहायला घेतलं. मी दिवाळीला सात महिन्यांनी घरी आलो होतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळ्यांना भुजकडच्या गोष्टी सांगितल्या, मिठागरं, ट्रकवाले, धाब्यावरची झोप. बाकीचे उठून गेले, दादा बसून होता. झोपायची सोय कशी होते, ओळख नसली तरी काम भेटते का, असंच काहीबाही विचारत होता. मग म्हणाला, "तू आता कवा जाशीन?" मी म्हटलं आठ-दहा दिवसांत. तो हसला फक्त. यात पोलिसांना काय सांगायचं.

१४ नोव्हेंबर

गावातल्या लोकांनी आमच्या विहिरीत गळ टाकून पाहिला. जुनी बादली निघाली. माय काठावर बसून होती, बादली वर आली तशी उठून घरी गेली.

परवा ठाण्यावाल्यांनी आमच्या बांना बोलावून बेवारस सापडलेल्या माणसांचे फोटो दाखवले. बा परत आले, हातपाय धुतले आणि गोठ्यात गेले. मी मागं जाऊन विचारलं तर "नव्हता," एवढंच. किती फोटो पाहिले ते काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते दादाचं नाव घेत नाहीत.

१९ नोव्हेंबर

आज एक गोष्ट डोक्यात बसली ती निघत नाही.

आमचं वावर रेल्वेलाइनला लागून आहे. संध्याकाळची गाडी पुष्कळदा आउटरला, म्हणजे स्टेशनाआधीच्या सिग्नलला, अडते. स्टेशनात जागा नसली की सिग्नल पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं तिथंच. डब्यातली माणसं कंटाळून खिडकीला येतात आणि समोर आमच्या गोठ्याची मागची भिंत. एवढी माणसं, नांदेडकडची, अकोल्याकडची, कुठकुठची. तिथं दादाचा चेहरा लावला तर? कागदाचा नाही, अंधार पडतो तेव्हा. लाइटचा.

पिक्सलचं काम मला थोडं येतं. दोन वर्षांपूर्वी अकोल्यात एका डेकोरेशनवाल्याकडं नवरात्रभर होतो. बोटाच्या पेराएवढा एकेक दिवा, त्याच्या पोटातच लाल, हिरवा, निळा, आणि प्रत्येकाला कोणता रंग घ्यायचा ते मागून वायरीतून कळतं. पन्नास दिव्यांची एक लडी. कमानीवर मोर नाचतो तो याच दिव्यांचा.

सेवालालकडं गेलो. तो तांड्यावरचा, मंडप-लाइटचा धंदा करतो. त्याच्या शेडमध्ये देवीच्या दोन जुन्या कमानी पडून आहेत. ऐकून म्हणाला, "याच्यावर मोर नाचते, पवन्या, माणूस कायचा दिसते? तुले कोठी जावं लागत नाई म्हून हे सुचून राह्यलं." पण लड्या ने म्हणाला. दिव्यांना रंग सांगणारा कंट्रोलरही दिला, झाकण नसलेला.

२३ नोव्हेंबर

मतमोजणी होती. सेवालाल मिरवणुकीच्या गाडीवर, गुलालानं माखलेला, त्यामुळं ड्रिल मशीन मिळाली नाही. मी दिवसभर एका लडीवर मासा पळवून पाहिला. मासा म्हणजे चार दिवे पुढं, शेपटीचे दोन मागं. फार मस्त पळत होता. सहा वाजता लक्षात आलं की आज बासोबत ठाण्यात जायचं होतं. बा एकटेच जाऊन आले होते.

२९ नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस ओळी उभ्या, प्रत्येकीत चौसष्ट दिवे, एका दिव्याला एक भोक. तीन हजार बहात्तर भोकं. सनबोर्डच्या, म्हणजे पांढऱ्या फोमच्या, शिट्स जोडून आठ फूट रुंद, साडेदहा फूट उंच सांगाडा केला, दोन दोन इंचावर खुणा केल्या आणि पाडत सुटलो. पांढरा भुसा नाकातोंडात जातो. आज नऊशे झाली.

खरं लिहायचं तर हे चार दिवस मला दादा आठवलाच नाही. भोकंच आठवली. झोपेतही भोकं.

वहिनी भाकर घेऊन गोठ्यावर आली होती. बोर्डाकडं पाहून विचारलं, "हे किती दिवसाचं काम हाय, भाऊजी?" मी म्हटलं पंधरा दिवस. ती म्हणाली, पंधरा दिवसांत तर तुम्ही हिंडून त्याहिले शोधून आणलं असतं, तुमाले हिंडता येते नं. टोमणा होता का खरंच म्हणत होती ते कळलं नाही. चेहरा सारखाच असतो तिचा. अडीच वर्षं झाली लग्नाला, तिला मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नाही.

मला वाटतं जायला हवं होतं. पण कुठं? दिशा माहीत नसताना मी आजवर पुष्कळ हिंडलो, पण ते कोणाला शोधायला नव्हतं.

८ डिसेंबर

आज पहिल्यांदा सगळं जोडलं. दादाचा आधारवरचा फोटो कापून बारीक केला, अठ्ठेचाळीस बाय चौसष्ट, आणि कंट्रोलरच्या कार्डात टाकला. लावला तर चेहरा नाहीच, कंगव्यानं विंचरल्यासारखे पट्टे. नाक कपाळावर. सेवालाल पोट धरून हसला. चूक माझीच. लडी खालून वर जाते, मग दुसऱ्या ओळीत वरून खाली येते, नांगराच्या तासासारखी. कंट्रोलरला ते सांगायचं राहून गेलं होतं, तो प्रत्येक ओळ खालूनच मोजत होता.

सुधारलं. मग दुसरं निघालं. उजवीकडचे दिवे लालसर पडायला लागले. लांबवर करंट पोचेपर्यंत दमतो, निळा आधी मरतो, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत टिकतो. अर्धा दादा बरा आणि अर्धा ताप चढल्यासारखा. आता करंट देणारे तिन्ही सप्लाय वेगवेगळ्या जागी बसवून मधूनमधून करंट द्यावा लागेल.

आधारचा फोटो बदलायचा. त्यात तो घाबरल्यासारखा दिसतो. वहिनीला चांगला फोटो मागितला. तिच्या मोबाइलमध्ये त्याचे तीनच निघाले, तिन्हीत तो बाजूला पाहतो. शेवटी लग्नाच्या अल्बममधला घेतला.

१५ डिसेंबर

बा आज गोठ्यावर आले. मला वाटलं बोर्ड पाहायला. म्हणाले, तूर कापायला आली, आता तो नाही तर तू लक्ष घाल. मी म्हटलं हे एवढं होऊ द्या. ते तारांच्या जंजाळाकडं पाहत राहिले आणि मग विचारलं, बैलं बुजतील का याले. मी म्हटलं तोंड लाइनकडं आहे.

अक्षरं टाकायची राहिली. 'हरवला आहे' आणि खाली माझा नंबर. सेवालालच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाकली की काना, मात्रा, वेलांटी सुटून भलतीकडं जातात. इंग्रजीतून बरोबर वाटेना. ते मागाहून करू. त्याच्याऐवजी चेहऱ्याभोवती पट्टी लावली, नाहीतर अंधारात चेहऱ्याची कड कळत नाही. तयार नमुने होते, त्यातला भगवा-पिवळा फिरता घेतला. त्यानं चेहरा एकदम उठून आला. सेवालाल म्हणाला, आता बसला.

१८ डिसेंबर, बुधवार

लावला.

साडेसहाला स्विच टाकला आणि धावत लाइनच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके असतात. सत्तर-ऐंशी पावलं मागं गेलो आणि दादा आला. डोळे, मिशी, गालावरची ती खळी. थोडे डोळे बारीक केले तर बोलेल असं वाटलं. मला रडू आलं ते मी इथं लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

गाडी आली आणि अडली. खिडक्यांतून मोबाइल बाहेर निघाले. पुष्कळ निघाले. कुणीतरी हात जोडले. मला वाटलं गंमत करतो आहे.

घरी आलो. वहिनीनं विचारलं, "लिवलं काय त्याच्यावर?" मी म्हटलं अजून नाही, उद्या लिहितो. ती पाहायला आली नाही.

२० डिसेंबर

हे नीट लिहायला पाहिजे.

सकाळी सुंदरबाई आली, वरच्या आळीतली, मायच्या वयाची. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याची गंजी. ओसरीवर बसली आणि मायच्या गळ्यात पडून रडायला लागली. मला आधी कळलंच नाही. मग गंजीकडं लक्ष गेलं. आमच्याकडं घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारचे आणतात ते खायचं. कडू घास म्हणतात. पाटलाच्या घरी माणूस मेला तेव्हा आम्हीही दिला होता.

मी म्हटलं, काकू, दादा मेला नाही, तो सापडावा म्हणून मी लावलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "लय चांगलं केलं, बाबू. लोक त एक फ्लेक्स लावून मोकळे होतात." मागून आणखी चार बाया आल्या, मग माणसं. अकोल्याकडं कुठं सापडला आणि तिकडंच उरकलं असं कुणी कुणाला सांगितलं होतं. मला विचारायला आलेलं कोणीच नव्हतं, सगळे बसायला आले होते.

आता डोकं चालतं तेव्हा दिसतं. आमच्या भागात माणसाचा एवढा मोठा फोटो दोनदाच लागतो, आणि दादाचा वाढदिवस मेमध्ये असतो. त्यात मी भोवती झेंडूच्या रंगाची पट्टी फिरवली. खाली अक्षर नाही.

पण मला जे लिहायचं आहे ते हे नाही. सुंदरबाईनं भाकर मोडून मायपुढं धरली. मी पाहत होतो. माय आता हात झटकेल, ओरडेल, गंजी फेकेल. मायनं घास घेतला. चावला. मग दुसरा घेतला. दीड महिन्यात ती एवढं जेवली नव्हती. बांनीही घेतला. दोघं शेजारी बसून जेवले.

वहिनीपुढं धरला तेव्हा ती उठून आत गेली.

संध्याकाळी 'हरवला आहे' लिहायला बसणार होतो. बा म्हणाले, ते आता बंदच ठेव.

२२ डिसेंबर

आउटरवरून कोणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडं फिरतो आहे. मागं रडकं गाणं, वर भावपूर्ण श्रद्धांजली आणि दोन जळत्या समया. माझ्याच बोर्डाचा. अकोल्याच्या जुन्या मालकानंही मला पाठवला, कोणी केलं हे, छान काम आहे म्हणून.

बा आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी तेरवी ठरवली. कोणत्या दिवसापासून मोजायचे यावर थोडं अडलं. मेल्याची तारीख कोणालाच माहीत नाही. शेवटी लाइट लागली तो पहिला दिवस धरला. म्हणजे तीस तारीख. मी स्विच टाकला म्हणून.

मी बांना म्हटलं, देह नाही, कागद नाही, तुम्ही कशाची तेरवी करता. ते म्हणाले, "मी ठाण्यात एकोणीस फोटो पाह्यले, पवन. आता मले पाह्यवत नाई."

२४ डिसेंबर

रिठदहून वहिनीचा भाऊ आला, वीरेंद्र, जीप घेऊन. तिला न्यायला. तो बाहेर बसला, ती माजघराच्या दारात उभी. बाया सांगत होत्या, कपाळाचं काढ. तिनं काढलं नाही. वीरेंद्र समजावत होता तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मेला कोन? कोनी पाह्यला?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मी पाहिला.

वीरेंद्र म्हणाला तेरवीनंतर नेतो.

२७ डिसेंबर

दुपारी तुरीत होतो. अनोळखी नंबर. व्हिडिओ पाहून कोणाकडून तरी नंबर घेऊन फोन करतात तसं असेल वाटलं.

"पवन, लय भारी केलं बे. मीच दिसून राह्यलो एकदम."

मी विळा खाली ठेवला. मागं कसल्या तरी मशीनचा खटाखट आवाज होता, माणसं ओरडून बोलत होती. मी एकदम सगळं विचारलं, कुठं आहे, ठीक आहे का, कोणी नेलं का. तो म्हणाला कोणी कायला नेईल, मी काय वासरू आहो का. जेवणखाण ठीक आहे. खोलीत सहाजण असतात. एकानं व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, याची शकल तुझ्यासारखी आहे. सगळे हसले, मीही हसलो, म्हणे.

मी म्हटलं तेरवी आहे सोमवारी, घरी ये, नाहीतर निदान मायशी बोल. तो म्हणाला, "राहू दे तसंच. मेलो त मेलो."

"अन् वहिनीले काय सांगू?"

"तू पाह्य आता. मी एकोनतीस वर्स पाह्यलं. तू येशीन, गोष्टी सांगशीन अन् निंघून जाशीन. आता तू पाह्य."

आवाजात राग नव्हता. तेच वाईट वाटतं. त्यानं फोन ठेवला. मी परत लावला तर बंद.

तुरीची एक ओळ मी कशी कापली मला माहीत नाही, अर्धी तशीच उभी राहिली होती.

२९ डिसेंबर

दोन दिवस कोणाला बोललो नाही. पळून जावं वाटलं. पिशवी भरलीही होती, ती पुन्हा रिकामी केली.

आज वहिनीला सांगितलं, तुरीतच. ती कापत होती, कापतच राहिली. पूर्ण ऐकून विचारलं, आवाज कसा होता. मी म्हटलं चांगला होता. माझं नाव घेतलं का, विचारलं. मी खोटं बोलायला गेलो आणि जमलं नाही. मीच विचारलं होतं, म्हटलं. तिनं मान हलवली आणि ओळ टोकापर्यंत नेली.

मग घरी जाऊन तिनंच माय-बांना सांगितलं. मी दारात होतो. माय पाणी प्यायली. जिवंत आहे ऐकून माणूस जसा होतो तसं कोणी झालं नाही. बा म्हणाले, लोकांना सांगणं झालं, मंडप आला, सेवालालनं भांडीही टाकली. माय म्हणाली, "मेला म्हनलं त लोक बसाले येतात. टाकून गेला म्हनलं त हसाले येतीन. तुलेच हसतीन, पोरी."

वहिनी म्हणाली, हसू द्या.

बा उठून मंडपाकडं गेले. तेरवी उद्याच आहे.

थोड्या वेळानं ती माझ्याकडं आली. त्या बोर्डावर अक्षरं उमटवता येतात का, विचारलं. मी म्हटलं सॉफ्टवेअर वेलांटी तोडतं. म्हणाली, हातानं करा.

३० डिसेंबर, सोमवार

पहाटेपासून याच डायरीत चौकोन आखून एकेक दिवा भरला. वर 'जिवंत', खाली 'हाय'. वेलांटीला चौदा दिवे लागले, अनुस्वाराला चार. रंग पांढरा घेतला, सगळ्यात लांबून दिसतो. पट्टी काढून टाकली. बोर्ड उतरवून सेवालालच्या पोरांकडून खळ्याच्या तोंडाला उभा केला. सेवालालनं काय चाललं ते विचारलं नाही. फक्त म्हणाला, शॉक बसू देऊ नको कोणाले.

अंगण पुरत नाही म्हणून पंगती खळ्यावरच होत्या. शेवटची पंगत बसता बसता उजेड उतरला. वहिनी येऊन बोर्डाशेजारी उभी राहिली, कपाळावर नेहमीचं कुंकू. मला म्हणाली, लावा.

लावला.

पंगतीतली माणसं हात थांबवून पाहायला लागली. काहीजण जवळ बसले होते, त्यांना नुसते ठिपके दिसत असतील, ते शेजारच्याला विचारत होते. लांबच्यांनी वाचलं. पोरांनी मोठ्यानं वाचलं. मग वहिनी बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फोन आल्ता त्याहिचा. जिवंत हायेत. मले टाकून गेले. जेवा आता."

कुणी उठेल वाटलं होतं. कुणी बांना विचारेल, कुणी माझी कॉलर धरेल. सुंदरबाई तोंडाला पदर लावून मायजवळ सरकली. एक म्हातारा वहिनीकडं, मग ताटाकडं, मग पुन्हा वहिनीकडं पाहत होता. एवढ्यात वाढणारा बुंदी घेऊन आला आणि म्हाताऱ्यानं ताट पुढं केलं. मग सगळेच जेवायला लागले.

बांनी उठून वायर काढली. रागानं नाही, घरातला दिवा मालवतात तशी.

३१ डिसेंबर

वीरेंद्र सकाळी जीप घेऊन आला. वहिनीनं एकच पेटी नेली. मायच्या पाया पडली, बांच्या पडली. मी पेटी उचलली तर म्हणाली राहू द्या, उचलते मी. जीपमध्ये पुढं बसली. वीरेंद्रनं विचारलं, पदर घ्यायचा का डोक्यावर, रस्त्यात लोक भेटतील. तिनं घेतला नाही. गावातून जीप जाईपर्यंत दारादारांत माणसं उभी होती. कोणी हसलं नाही.

दादाचा फोन आला तो नंबर मी तिला एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी तिनं नेली का नाही, मी पाहिलं नाही.

दुपारी सेवालाल मंडप सोडायला आला. लड्या परत घेऊन जातो का विचारलं तर म्हणाला ठेव, तुले लागतीन. मी म्हटलं मला आता कशाला लागतील. भोकं पडलेल्या शिट्स पावसापाण्याला गोठ्याच्या छपराखाली लावता येतील का ते आम्ही दोघांनी थोडं पाहिलं. येत नाहीत.

बा ओसरीवर विळ्याला धार लावत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, उद्या तुरीला सहा माणसं येतात, पुढं कोणी तरी लागते, लवकर उठजो.

मी हो म्हटलं.